अर्धं ऐकलेलं गाणं

कुणी "काल गाणं छान झालं" म्हटलं की भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि एकच शब्द विचारायचे, "का?"

समोरचा गडबडायचा. छान झालं म्हणजे झालं, त्याला कारण काय द्यायचं? पण त्यांना कारण हवं असायचं. "आवडलं म्हणजे बोलणं आत्ता कुठे सुरू झालं," असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढायचे आणि समोरच्याची जेवायची वेळ टळून जायची. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. भेटला की चुकवावासा वाटतो, आणि चार दिवस दिसला नाही तर करमत नाही.

बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली. घरंही एकाच गल्लीत. वयाने मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. गल्लीत दिवसभर कापडाच्या मागांचा खडखडाट चाले. त्या खडखडाटात भाऊसाहेब ग्रामोफोन लावून ख्याल ऐकत बसायचे, डोळे मिटून, जणू बाहेर माळरान आहे. रविवारी सकाळी आम्ही तीन-चार जण त्यांच्या बैठकीत जमायचो. तबकडी संपली की चर्चा, आणि चर्चा तापली की वहिनींचा चहा.

ते राज्यांच्या फेररचनेचे दिवस होते. नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत भोपाळकडची, इंदूरकडची नवी माणसं आली. मराठी नोकरदारांना विचारणा झाली, तिकडे जाता की इथेच राहता? बाकीचे घरी जाऊन बायकोला विचारून आले. भाऊसाहेबांनी जागच्या जागी नागपूर मागितलं. खरं गाणं तिकडे आहे, इथे काय, केळी आणि कापड, असं म्हणाले. वहिनींचं माहेर चांदनीचं, पॅसेंजरने गेलं की लगेच येतं ते स्टेशन. बहीण तिथेच दिलेली. वहिनींना काय वाटलं ते आम्हाला कधी कळलं नाही. भाऊसाहेबांनाही कळलं नसावं.

भोपाळहून आलेले एक खानसाहेब आमच्या टेबलाशेजारी बसायचे. कव्वालीवर त्यांचा जीव. भाऊसाहेबांनी कव्वालीला नाक मुरडलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अपनी-अपनी पसंद है बाबूजी, इसमें बहस कैसी?"

भाऊसाहेबांना एवढंच हवं होतं. भाजी खारट झाली तर तुम्ही स्वयंपाकिणीला सांगता की नाही? तिथे ज्याची-त्याची जीभ म्हणून गप्प बसत नाही. मग सूर खारट झाला तर का गप्प बसायचं? आवड ही जन्मासोबत मिळत नाही, ती घडवावी लागते, आणि घडवायची तर वाद घालावाच लागतो. खानसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मीठ कमी खाणारेही असतात, त्यांच्या ताटात तुम्ही हात घालता का? आम्ही हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. ते पुढच्या रविवारची तयारी करत होते.

त्या रविवारी खानसाहेबही आले. भाऊसाहेबांनी ठेवणीतली तबकडी काढली. विलंबित ख्याल सुरू झाला, आणि आतून, पाट्यावर चटणी वाटता वाटता, वहिनींचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. दोनच ओळी, साध्या, उड्या मारत जाणाऱ्या. तबकडीतल्या गाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. भाऊसाहेबांनी सुई उचलली.

"पुरे," ते आत बघून म्हणाले. "हे बाजारू सूर या घरात नकोत. सिनेमातलं काय ते शेजारणींसोबत म्हणावं."

पाटा थांबला. आमच्यातलं कुणीतरी हसलं, मग सगळेच हसलो, कारण न हसणं जास्त अवघड झालं असतं. खानसाहेब तेवढे हसले नाहीत, ते आपल्या बुटांकडे बघत होते. जरा वेळाने वहिनी चहा घेऊन आल्या. तोंडावर हसू होतं. कप ठेवले, पदर सावरला आणि गेल्या. त्यानंतर त्या घरात गुणगुणणं ऐकू आलं नाही. भाऊसाहेबांनी एकदा कचेरीत अभिमानाने सांगितलं की घरातली आवडही सुधारली आता.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी तापाने गेल्या. दुखणं म्हणावं तितकं लांबलंही नाही. चांदनीची बहीण आली, दिवसकार्य करून गेली. मूलबाळ नव्हतं. रविवारची बैठक बंद पडली, ग्रामोफोनवर टॉवेल पडला.

काही महिन्यांनी खानसाहेबांनी मला एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. बाजारातल्या एका हॉटेलात भाऊसाहेब रेडिओजवळच्या टेबलाशी बसलेले त्यांना दिसले. रेडिओवर एकामागून एक सिनेमाची गाणी चालली होती. खानसाहेब दिसताच भाऊसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. खानसाहेब भले माणूस, ओळख न दाखवता पुढे निघून गेले. मला सांगताना त्यांनी आवाजही उतरवला होता. मी मात्र मनातल्या मनात हसलो. वाटलं, शेवटी लागलीच की गोडी.

तसं नव्हतं ते. एका दुपारी भाऊसाहेब माझ्याकडे आले. दार लोटून घेतलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. कोपऱ्यातल्या हंड्याकडे बघत म्हणाले, "एक चाल म्हणतो. कुठल्या सिनेमातली आहे तेवढं सांगा. कुठे बोलू नका."

आणि ते गाऊ लागले. पण जन्मभर ख्याल ऐकलेला गळा. साध्या सुरावर पोचायचे तर वाटेत मींड घ्यायचे, वळण घ्यायचे, चाल हातातून निसटून जायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"मला सरळ म्हणताच येत नाही," ते म्हणाले. "ती कशी सरळ म्हणायची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हॉटेलात बसून ते दुपारच्या दुपार वहिनींच्या त्या दोन ओळींची वाट बघत होते. शब्द त्यांना ठाऊक नव्हते. एकत्र काढलेल्या इतक्या वर्षांत त्यांनी ते गाणं दोन ओळींपलीकडे जाऊच दिलं नव्हतं.

माझी बायको आतून ऐकत होती. ती उंबऱ्याशी आली आणि खाली बघत म्हणाली, "भाऊसाहेब, ते सिनेमातलं नाहीच. लग्नातलं गाणं आहे, नवरदेवाला चिडवायचं. वहिनींच्या गावाकडच्या बाया म्हणतात. मला पूर्ण येत नाही. चांदनीला त्यांच्या बहिणीला विचारा."

भाऊसाहेबांनी मान हलवली आणि चपला उलट्यासुलट्या घालून गेले.

तोवर नागपूरचा हुकूम आला होता. निघण्याआधीच्या रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही पॅसेंजरने चांदनीला गेलो. एकट्याने जायची लाज वाटते, असं ते म्हणाले नाहीत, पण तिकीट काढताना दोन काढली.

मेहुणीच्या घरी पापडांचं काम चाललं होतं. शेजारच्या चार बाया लाटायला आल्या होत्या. पाणी झालं, चहा झाला, केळी समोर आली. भाऊसाहेबांना विषय काढता येईना. शेवटी मीच सांगितलं की दाजींना ते गाणं ऐकायचं आहे. बाया एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. मेहुणी म्हणाली, "असं कसं म्हणू दाजी? बाप्या माणसांसमोर नाही म्हणत ते. त्यात तर तुमचीच टिंगल."

"मी बाहेर बसतो," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही मी नाही असं समजा."

त्यांनी खाट अंगणात ओढली आणि दाराकडे पाठ करून बसले. ऊन तोंडावर येत होतं, तरी सरकले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. मीही त्यांच्या बाजूला ओट्यावर टेकलो. आत आधी कुजबुज, मग लाटण्यांचा आवाज, आणि मग मेहुणीने पहिली ओळ उचलली. तीच, उड्या मारत जाणारी.

गाण्यातला नवरदेव फार शहाणा होता. कावळ्याला म्हणायचा तुझं ओरडणं बेसूर, जात्याला म्हणायचा तुझी घरघर चुकली, सासूच्या कढीत खोट काढायचा आणि स्वतःला धोतर नेसता येत नव्हतं. प्रत्येक कडव्याला आतून बायांचा हशा उसळत होता. मी चोरून भाऊसाहेबांकडे बघितलं. ताल धरायला त्यांचा हात नेहमी मांडीवर असायचा. तो आता टोपीवर नुसता पडला होता.

मग चाल जरा संथ झाली. शेवटचं कडवं नवरीचं होतं. ते मेहुणीने एकटीने म्हटलं:

"हसा गं हसा बायांनो, हसा पोट धरून,
माझ्या घरचा शहाणा, मी घेईन सांभाळून."

आतली लाटणी थांबली. मेहुणी पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आली. "अक्काला हेच कडवं आवडायचं. पूर्ण गाणं म्हणायची ती फक्त याच्यासाठी. घरी कधी म्हटलं नाही का तिने, दाजी?"

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी म्हणू दिलं नाही," ते म्हणाले.

मेहुणी तशीच आत गेली, आणि ताटात पापड भाजून आणले. ते त्यांनी खाली बघून, एकेक तुकडा मोडत, सगळे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत निरोपाचा चहा होता. खानसाहेबांनी वातावरण हलकं करायला विचारलं, बाबूजी, जाता-जाता सांगून जा, पसंदीवर बहस करावी की नाही? सगळे हसण्याच्या तयारीत होते. भाऊसाहेब उठून उभे राहिले, एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसे.

"करावी," ते म्हणाले. "अजूनही तेच म्हणतो. पण समोरच्याचं गाणं आधी संपू द्यावं. मी कधी संपू दिलं नाही. तुमचीही कव्वाली मी पूर्ण ऐकली नाही, खानसाहेब. अर्ध्यावर मत दिलं."

खानसाहेबांनी पुढे होऊन भाऊसाहेबांचे दोन्ही हात धरले. बाकीचे आम्ही कपातल्या चहाकडे बघत उभे होतो. वहिनींवर त्या रविवारी हसलेले सगळे तिथे होते.

स्टेशनवर आम्ही दोघेच गेलो, खानसाहेब आणि मी. गाडी भुसावळकडे जाणारी, पुढे नागपूर. डब्यात गर्दी नव्हती. खानसाहेबांनी रुमाल टाकून त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली, इंजिनाकडे तोंड असलेली, वारा लागेल म्हणून. भाऊसाहेबांनी रुमालाची घडी करून त्यांना परत दिली आणि समोरच्या बाकावर बसले. उलटं बसून चक्कर येईल, मी म्हटलं. येऊ दे, म्हणाले.

गाडी हलली. त्यांनी आमच्याकडे बघून हात केला, मग आमच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागले, रूळ चांदनीकडे जातात त्या बाजूला. गाडी त्यांना पुढे नेत होती आणि ते तिकडेच बघत होते. पुलाच्या वळणापर्यंत त्यांची पांढरी टोपी मला दिसत होती.