एकोणिसाव्या वर्षी चाळिशी

घाटकोपरला आमची चाळ टेकडीच्या उतारावर होती. गॅलरीतून खालचा बसस्टॉप दिसायचा. वडील पाळीला निघाले की आई हाक मारायची, "बघ गो, खयची बस?" मी पाटीवरचा आकडा सांगायची आणि ते धावत उतरायचे. "माझ्या चेडवाचे डोळे घारीचे," असं आई शेजारणींना सांगायची.

त्यामुळे पुस्तक उघडलं की माझं डोकं दुखतं, याचा दोष डोळ्यांवर कधी आलाच नाही. तो इंग्रजीवर गेला. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी पहिलीच. आई कपाळाला बाम चोळायची आणि म्हणायची, "मराठी शाळेत घातला असता तर बरा झाला असता." शाळेत एकदा डोळे तपासले, तेही दोन्ही उघडे ठेवून, लांबचा तक्ता वाचायला लावून. मी शेवटची ओळसुद्धा वाचली.

कॉलेजात अक्षरं एकमेकांवर चढायला लागली, तेव्हा आई मला अंधेरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि तक्ता नाहीसा झाला. ते भिंगं बदलत राहिले. समोर पांढरट धुकं होतं, ते तसंच राहिलं.

डॉक्टर मराठी नव्हते. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते आणि आई पर्स मांडीवर धरून आमची तोंडं बघत होती.

"काय म्हणतत?"

"प्लस नंबर आहे. लांबचं दिसतं, जवळचं नीट नाही. डाव्याला जास्त."

"म्हणजे चाळिशी?" आईला हसू आलं. "एकोणिसाव्या वर्षी? तुझ्या बापाशीक अजून लागूक नाय!"

मी डॉक्टरांना एकेक विचारत गेले. चष्म्याने डोकेदुखी थांबेल, उजव्याला बरं वाटेल, पण डाव्याचं फारसं काही होणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्सचंही तेच. मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणं कधीच सोडलेलं. डोळ्याला बारीक चिरा देऊन नंबर उतरवतात असं मी एका मासिकात वाचलं होतं. "ते मायनसवाल्यांसाठी," ते म्हणाले. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावता येतं, पण ते लहान मुलांमध्ये. मग त्यांनी विचारलं, "व्हाय डिडन्ट युअर मदर ब्रिंग यू अर्लिअर?"

मदर हा शब्द आईला कळला.

"माझ्याबद्दल काय म्हणतत?"

"तुलाही चष्मा आहे का, विचारतायत."

"नाय म्हणून सांग."

"शी डिडन्ट नो," मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नंबर लिहायला घेतला.

"आणि डावो डोळो?" जिना उतरताना आईने विचारलं.

"चष्मा लावला की होईल हळूहळू."

आईने ते खरं मानलं. रोज संध्याकाळी ती माझ्या डाव्या डोळ्यात गुलाबपाणी घालायची. कुणीतरी सांगितलं म्हणून गाजरं आली. चाळीतल्या मुली "काय गं आजी, सुईत दोरा ओवून देऊ?" म्हणून चिडवायच्या, तेव्हा आईच त्यांना ओरडायची.

काही महिन्यांनी एका दुपारी वडील चपला घालत होते. आईने गॅलरीत मागून येऊन माझा चष्मा काढला आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. हाताला लसणीचा वास होता.

"आता सांग, खयची बस?"

खाली काहीतरी लाल सरकत होतं. या वेळेला वडिलांचीच बस येते, म्हणून मी तिचा आकडा सांगितला.

"अहो, पळा! तुमचीच आसा!" आईचा आवाज चिरकला. "डाव्या डोळ्यान वाचल्यान हो!"

वडील धावत उतरले. आईने हात काढला. बस स्टॉपवर थांबली होती आणि तिच्या पाटीवर दुसराच आकडा होता. वडील तिच्यापाशी जाऊन थांबले आणि त्यांनी वर आमच्याकडे पाहिलं.

आईने चष्मा माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी गुलाबपाण्याची बाटली फळीवरच राहिली.