कुही तालुक्यातलं माझं जन्मगाव

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी बाबांनी आणि मी स्कूटरवरून दिघोरी नाका ओलांडला, तेव्हा आपण नेमकं कोणत्या गावाला चाललो आहोत हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला माझ्या जन्माचा दाखला हवा होता आणि माझा जन्म कुठे झाला हे शोधायचं होतं.

ऑस्ट्रियातल्या एका विद्यापीठात मला पाण्याच्या नियोजनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. मार्चमध्ये वर्ग सुरू होणार होते. तिथे राहायच्या परवान्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मी कपाटाच्या दाराला चिकटवली होती आणि एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत होते. फक्त जन्मदाखल्याची ओळ रिकामी राहिली. शाळेत प्रवेश प्रतिज्ञापत्रावर मिळाला, पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. जन्मदाखला घरात कधी नव्हताच, आणि तो नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शहरातल्या जन्मनोंदणीच्या खिडकीवर बाईंनी दोनदा शोधलं आणि म्हणाल्या, "इथे नोंद नाही. मुलगी नागपुरातच जन्मली ना?"

बाबा बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावताना म्हणाले, "नागपुरात नाही झाला तुझा जन्म. रस्त्यात झाला."

चोवीस वर्षांची होईपर्यंत ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आमचं घर तेव्हा कुहीच्या पुढच्या एका खेड्यात होतं. बाबांनी सांगितलं ते असं: एप्रिल महिना होता, आईला कळा सुरू झाल्या म्हणून ते तिला काळीपिवळीतून (प्रवासी जीपमधून) नागपूरच्या दवाखान्यात नेत होते. वाटेत जीप बंद पडली. रस्त्याकडेच्या गावातल्या बायकांनी आईला एका घरात नेलं आणि तासाभरात मी झाले. तीन दिवस ती त्याच घरात होती.

"गावाचं नाव काय?"

"नाव नाही आठवत. त्या पट्ट्यात गावाला लागून गाव आहे. पिंपळ होता. अन् जवळून नहर (कालवा) गेला होता."

"आणि नोंद केलीत?"

"मी नाही केली," बाबा म्हणाले. "त्या घाईत सुचलंच नाही."

नोंद सापडली नाही, तर कोर्टातून आदेश आणावा लागणार होता. त्याला महिने लागतात, आणि माझी दिल्लीतल्या दूतावासातली भेटीची वेळ चार आठवड्यांवर होती. आईला विचारलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "जा तुम्ही दोघं. मले काई नाही आठवत." आईला धुण्याचा हिशेबसुद्धा आठवडाभर तोंडपाठ असतो, त्यामुळे मला याचं नवल वाटलं; पण तेव्हा मी फार विचार केला नाही.

उमरेड रोडवर एका टपरीशी थांबून तर्रीपोहे (तिखट रश्श्याचे पोहे) खाल्ले. मी नाकातलं पाणी पुसत होते आणि बाबा पुन्हा तर्री मागत होते. माझ्या मनात आलं, ज्या रस्त्यावर मी जन्मले, त्याच्यावरून मी किती वेळा गेले असेन! दर दिवाळीला. आणि दर वेळी खिडकीत डोकं टेकून झोपून.

कुहीचा फाटा सोडला तशी दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागली. कापणी चालू होती. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रांगेनं पडल्या होत्या आणि वाळत्या तणसाचा (धानाच्या काडाचा) गोडसर वास थेट रस्त्यावर येत होता. पाण्याचं नियोजन शिकायला परदेशी निघालेली मी, पण या शेतांना पाणी कुठून येतं हे मला ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं. त्यांनी स्कूटर हळू करून नहराचे फाटे दाखवले, कोणत्या गावाला कधी पाणी सुटतं ते सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं.

पहिल्या गावात पिंपळ होता, नहरही होता. बाबा खुशीत स्कूटरवरून उतरले. पाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्यांना त्यांनी सगळी हकिकत सांगितली. तोवर आणखी पाचसहा जण जमले. म्हातारे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पण आमच्या गावातून जीप कधी जातच नव्हती गा. रस्ता मागल्या साली झाला. तुमचं गाव नहराच्या तिकडं असन."

तिकडे जायचा जवळचा रस्ता बांधावरून होता. कापणी झालेल्या शेतात पुढच्या पिकासाठी नुकतंच पाणी सोडलेलं होतं. स्कूटर ढकलताना माझा एक पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला आणि वर आला तो चपलेशिवाय. बाबांनी हात घालून चप्पल शोधायचा प्रयत्न केला, मग हसायला लागले. धान कापणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. त्यातली एक ओरडली, "राहू दे वं पोट्टे, उगवन ते पुढच्या साली!" मी उरलेली चप्पल पिशवीत टाकली आणि अनवाणीच पुढच्या गावात शिरले.

पिंपळाला वळसा घालताच बाबा थांबले. समोर डांबरी रस्ता, पलीकडे हातपंप. "हेच," ते म्हणाले. "या हापशीवरून मी पाणी आणलं."

ग्रामपंचायतीत ग्रामसेविका होत्या, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. आम्ही कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पाणी मागवलं. जुनी रजिस्टरं लाल कापडात बांधलेली होती. वर्ष सांगितलं, महिना सांगितला. त्या बोट फिरवत खाली येत होत्या आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. एप्रिलच्या पानावर तीन नोंदी होत्या. पहिली मुलाची. दुसरी मुलाची.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "वडिलांचं नाव वाचते, बघा बरं."

नाव बाबांचं होतं. आईचं होतं. तारीख बरोबर होती. माझ्या नावाची जागा कोरी होती, कारण तेव्हा मला नाव नव्हतं. ग्रामसेविका म्हणाल्या की शाळेचे कागद जोडून अर्ज दिला की नाव चढवता येईल, आठवड्याभरात दाखला मिळेल.

"पण ही नोंद केली कोणी?" मी विचारलं.

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खबर देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं 'पारबताबाई' आणि शेजारी निळा अंगठा उमटलेला होता. "या इथेच राहतात," त्या म्हणाल्या. "हापशीमागचं घर."

पारबताबाई अंगणात सुपात धान पाखडत बसल्या होत्या. वय पासष्टीच्या पुढे, पण हात झपाझप चालत होते. बाबांनी ओळख सांगितली, तसं सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला उजेडाकडे वळवलं.

"हेच का ते? केवढी झाली वं! अन् चप्पल कुठी गेली?"

त्यांनी मला ती खोली दाखवली. आता तिथे धानाची पोती होती आणि भिंतीला टेकून एक सायकल. मी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिले. काही विशेष वाटेल असं वाटलं होतं. पण मला फक्त खिडकी किती लहान आहे आणि एप्रिलमध्ये इथे किती उकडत असेल, एवढंच सुचलं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भात होता, आणि अंबाडीची आंबट भाजी, कण्या (तुटका तांदूळ) घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. मी दोनदा वाढून घेतली. वाढता वाढता पारबताबाई म्हणाल्या, "तुझी माय तर नुसती पेपर, पेपर करून राहिली होती. कळा येऊन राहिल्या, अन् हिचं आपलं, माझा पेपर हाय."

मला वाटलं, दवाखान्याचे कागद.

"दवाखान्याचे काहून? परीक्षेचा! बीएच्या परीक्षेले चालली होती ना ते नागपूरले. पिशवीत पुस्तकं. मी म्हटलं, बाई, आता पोरीचं पाह्य."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातला घास तसाच धरला होता.

"अन् चवथ्या दिवशी जाताना मले म्हणे, मावशी, पंचायतीत पोरीची नोंद करून घ्या, तिले पुढं शाळेत लागन. मी गेली न् अंगठा देऊन आली." त्या माझ्या ताटात आणखी भाजी घालत होत्या. "बरी गेली म्हणजे. आता लागून राहिलं ना तुले?"

मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. निघताना त्यांनी आपल्या सुनेची चप्पल माझ्या पायात घातली. ती दोन बोटं मोठी होती.

परतीच्या वाटेवर बाबांनी नहराच्या पुलावर स्कूटर थांबवली. मी विचारण्याआधीच बोलायला लागले.

"दोन पेपर झाले होते तिचे. असंच जीपनं जाऊन दिले. घरात सगळ्याईचा विरोध होता, आठवा महिना होता. मी म्हटलं, घरी तपासणीचं सांगू, मी नेतो. अन् मग हे असं झालं. आता तिलेच सगळे बोलतीन म्हणून मी सांगितलं, कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेत होतो. सगळ्याईनं खरं मानलं."

"मग पुढच्या वर्षी का नाही दिली परीक्षा?"

"तिनं कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही," बाबा म्हणाले. त्यांच्यावर चिडावं की नाही ते मला ठरवता येईना. त्यांनी आईला घरच्यांच्या बोलण्यांपासून वाचवलं होतं. पण ती कुठे चालली होती तेच त्यांनी पुसून टाकलं होतं.

घरी पोचलो तेव्हा आई गच्चीवरचे कपडे काढत होती. मी नोंद सापडल्याचं सांगितलं. तिनं डोळे मिटून श्वास सोडला, तेव्हा कळलं की आठवडाभर तीही माझ्याइतकीच धास्तावली होती. मग मी म्हटलं, "पारबताबाईंनी पेपरचंही सांगितलं."

आईनं हातातली चादर नीट चौघडी घालून ठेवली.

"तिसरा पेपर होता," ती म्हणाली. "राज्यशास्त्र. सगळा पाठ होता मले."

"पुन्हा द्यायचास ना गं."

"कोणाले सांगू? सगळ्याईसाठी तर मी दवाखान्यात चालली होती. परीक्षा नव्हतीच कुठी."

पुढच्या मंगळवारी दाखला आणायला आईच माझ्याबरोबर आली. पारबताबाई आणि ती हापशीजवळ उभ्या राहून एकमेकींचे हात धरून इतकं बोलत होत्या, की मला पंचायतीत एकटीलाच जावं लागलं. माझ्या पूर्ण नावाचा, शिक्का मारलेला कागद घेऊन मी बाहेर आले, तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. दिल्लीचं काम नंतर वेळेत झालं. महिनाभरात मी निघेन.

जायच्या तयारीत मी हजारो मैलांवरच्या शहरातले ट्रामचे मार्ग, तिथली थंडी, तिथल्या पावाचे प्रकार, सगळं वाचून काढलं होतं. घरापासून दीड तासावर काय आहे हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. तो कागद मागितला गेला नसता, तर मी आईला अर्धवट ओळखूनच विमानात बसले असते.

त्या दिवशी परत येताना मी तिला म्हटलं, "आता घरून अभ्यास करून देता येते परीक्षा. फॉर्म भरून देऊ?"

"नको वं," ती म्हणाली. "आता मले पेपर नाही द्यायचा."

संध्याकाळी आत्याचा फोन आला, दाखला मिळाला का विचारायला. मी आतल्या खोलीत होते. आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"हाव, भेटला. तिथंच जन्मली ते. नाही वं, दवाखान्यात नव्हती चालली मी. पेपरले चालली होती."