बोटाखाली आलेलं वाक्य

बाळांनो,

तुम्ही पाठवलेलं कॅलेंडर पोचलं. रोज एक पान, पानावर एक वचन आणि वर तुमच्याकडच्या बर्फाच्या डोंगरांची चित्रं. सोबतच्या पत्रात विचारलं आहे, "आजी, तू शास्त्र कसं वाचतेस? आम्हाला वेळ पुरत नाही, म्हणून सकाळी चहा पिताना एवढंच एक वाचून निघतो." कॅलेंडर हातात आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. चष्मा लावला आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळी पानं उलटली. एक वाक्य त्यात आहे का, ते बघायचं होतं. नव्हतं. मग ते कॅलेंडर स्वयंपाकघरात, खिडकीजवळ टांगलं.

ते वाक्य आमच्या घरात कसं शिरलं, हेच तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर आहे.

माझे वडील जव्हार संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही मूळचे घाटावरचे ख्रिस्ती. जव्हारला आमच्यासारखी तीन-चारच घरं, त्यामुळे रविवारची उपासना आमच्या पडवीत, जाजम अंथरून व्हायची. वर्षातून एखाद-दोन वेळा नाशकाहून पाळक यायचे, त्र्यंबक-मोखाड्याच्या वाटेनं, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत. ते आले की प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. त्याची भाकर आई करायची. आजूबाजूचा सगळा मुलूख नागलीचा आणि भाताचा. गहू नाशकाहून मागवून आई तो कडुलिंबाचा पाला घालून डब्यात जपून ठेवायची, आणि त्या दिवशी पहाटे स्वतः दळायची. दळताना गायची. आईचा आवाज मोठा होता. पलीकडच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, "कंपाउंडरीणबाई गाताहेत, म्हणजे आज त्यांचे साहेब येणार."

आईला वाचता येत होतं, पण तिची वाचायची एक रीत होती. काही अडलं की ती हात धुऊन शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, मांडीवर घ्यायची, डोळे मिटून प्रार्थना करायची, मग डोळे न उघडता कुठेतरी पान उघडून बोट ठेवायची. बोटाखाली येईल ते देवाचं आपल्याला सांगणं. तिच्या माहेरी सगळेच असं करत. गाय घ्यावी का, जावयाकडे राहायला जावं का, सगळं बोट ठेवून ठरे. मला शाळेत घालायचं हेही असंच ठरलं होतं, त्यामुळे लहानपणी मला त्या रीतीत काही वावगं वाटत नव्हतं.

मी आठेक वर्षांची असताना मोखाड्याकडे तापाची साथ आली. मोखाडा इंग्रजांच्या हद्दीत. तिथून मदतीला माणूस मागितला म्हणून वडिलांना थोड्या दिवसांसाठी पाठवलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकता रांगायला लागला होता. वडील म्हणाले, "तू लेकरांना घेऊन इथंच राहा." आई म्हणाली, "तुमच्या जेवणाखाण्याचं कोण बघेल? मी येणार." तिनं हट्टच धरला आणि आम्ही सगळे गेलो. उतरायला मिळालेल्या घराच्या भिंती ओल्या होत्या. महिना व्हायच्या आत बाळाला हिवताप भरला. वडिलांनी हातचं सगळं औषध केलं. बाळ गेलं. गावाबाहेरच्या उतारावर त्याला पुरलं आणि वरून दगड रचले.

जवळच्या पोशेरा गावची एक बाई आमच्याकडे पाणी भरायला यायची. तिची स्वतःची दोन लेकरं गेलेली होती. दुसऱ्या दिवशी ती आईजवळ येऊन बसली.

"बाय, भगताला बोलव. तो तांदळाचे दाणे मांडून सांगंल, कोणाचा कोप झाला तो."

"आम्ही ख्रिस्ती," आई म्हणाली. "आम्ही दाणे बघत नाही."

आणि थोड्या वेळानं तिनं हात धुतले, शास्त्र मांडीवर घेतलं, डोळे मिटले, बोट ठेवलं. मी तिथंच वाल सोलत बसले होते. आईनं बोटाखालचं वाक्य मोठ्यानं वाचलं. अर्थ असा होता की, आठवून पाहा, निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे का?

पाणीवाली हंडा उतरवून बघत उभी होती. "काय निघालं?"

आईचं बोट त्या ओळीवरच होतं.

"मंजे तुमचा भगत पुस्तकात बसतो म्हण की," ती म्हणाली. आईला जरा हसवायचं तिच्या मनात असावं. "काय मागतो? कोंबडा का बकरा?"

"काही मागत नाही," आई म्हणाली. "मागितलं असतं तर दिलं असतं."

संध्याकाळी वडिलांना तिनं ते वाक्य दाखवलं. "निरपराध मरत नाही, असं लिहिलंय. बाळानं काय अपराध केला होता? माझाच असणार. मीच हट्ट करून इथं आणलं."

"अगं, असं मनाला लावून घेऊ नये."

"मी कुठं लावून घेतलं? शास्त्रात आहे."

वडिलांनी दिवा जवळ ओढून ती ओळ वाचली. बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय कोणाला औषधाचा थेंब न देणारा माणूस तो. पण शास्त्राचं ते पान त्यांनी मागं उलटलं नाही, पुढंही उलटलं नाही. शास्त्रासमोर मान खाली घालायची, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी ते पुस्तक आईच्या मांडीवरून उचललं, मिटलं आणि फळीवर ठेवलं. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण त्या दिव्याच्या उजेडात त्यांनी पुढची पानं वाचली असती तर, असं आजही भाजी निवडताना मध्येच मनात येतं.

जव्हारला परतल्यावर आईचं गाणं थांबलं. पाळक आले की ती पूर्वीसारखीच पहाटे गहू दळायची, भाकर करायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ताटात मांडायची. आणि ताट बाहेर गेलं की स्वयंपाकघरातच राहायची. "भात उतू जाईल," म्हणायची. पुढच्या वेळी, "दूध तापतंय." पाळकांना वाटे, कामाची बाई आहे. स्वतःच्या हातची ती भाकर माझ्या आईनं वर्षानुवर्षं तोंडात घातली नाही. अपराध्यानं ती खाऊ नये, असं तिनं ठरवून टाकलं होतं. वडिलांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला ठाऊक आहे मी काय आहे ते."

मला पुढं इंग्रजी शिकायला घाटावर बोर्डिंगात ठेवलं. तिथल्या मिससाहेब शिस्तीच्या. शास्त्राच्या तासाला त्या सुटं वचन कोणाला म्हणू देत नसत. म्हणायच्या, पुस्तक आधी सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचा, कळलं नाही तरी चालेल. मग दुसऱ्यांदा वाचताना समासात पेन्सिलनं लिहा: हे कोण बोलतं आहे, कोणाला, आणि त्याआधी काय झालं आहे. ते लिहून होईपर्यंत स्वतःला काही लावून घ्यायचं नाही. आम्हा मुलींना ते फार कंटाळवाणं वाटे. एक मुलगी म्हणायची, "मिससाहेबांना शास्त्र नको, मोडीतला दस्तऐवज हवाय."

अशा रीतीनंच एकदा आम्ही शास्त्रातलं त्या दुःखी माणसाचं पुस्तक घेतलं, ज्याची गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड उठले आणि जो राखेत बसला. त्याचे मित्र त्याला भेटायला येतात आणि समजूत घालता घालता त्यालाच दोषी ठरवतात. चौथ्या अध्यायात माझी पेन्सिल थांबली. ते वाक्य होतं. आईचं वाक्य. ते देवाचं नव्हतंच. त्या मित्रांपैकी एकाचं होतं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, अशा अर्थाचं त्यांना सुनावतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले ती तेच डोक्यात घेऊन. आईला मी नुसतं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "तुझं इंग्रजी राहू दे" म्हणाली असती. रोज दुपारी तिच्याजवळ बसून मी ते पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचत गेले. ती नागली पाखडायची, मी वाचायची. ते वाक्य आलं तेव्हा तिचं सूप थांबलं.

"हे कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"देव."

"नाही आई. वरती बघ. हा त्याचा मित्र बोलतोय."

तिनं स्वतः वाचलं. परत वाचलं. म्हणाली, "पुढं वाच."

शेवटचा अध्याय आला त्या दिवशी देवानं मित्रांना सुनावलेलं तिनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. खूप वेळ ती सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्याशी तो गृहस्थ बोलत होता?"

"हो."

"आणि देव?"

"देव शेवटच्या पानांवर होता, आई."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, नागली डब्यात भरली आणि म्हणाली, "तुझे वडील येतील, चहा टाक."

पावसाळा संपल्यावर, मी दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना, पाळक आले. तेव्हा आई पहिल्यांदा पडवीत येऊन बसली, दाराला टेकून. ताट तिच्यापर्यंत आलं. तिनं तुकडा घेतला. सगळ्यांनी डोळे मिटले होते, मी मिटले नव्हते. तिचा हात तोंडापर्यंत गेला आणि तसाच मुठीत मिटून खाली आला. माणसं गेल्यावर तिनं मला मागच्या दारी बोलावलं आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तू खा. माझ्या मनाला कळलंय ग. पण हात ऐकत नाही."

त्यानंतर ती दर वेळी बाहेर येऊन बसे, दाराशीच. कधी खाल्लं का, ते मी पाहिलेलं नाही. पुढं माझं लग्न होऊन मी दूर गेले. तिनं पुन्हा गायलेलं मात्र कोणीच ऐकलं नाही, हे वडिलांनी मला सांगितलं.

म्हणून कॅलेंडरावरचं वचन वाचा, मीही वाचते. पण रविवारी एक तास काढा आणि त्या आठवड्यातलं एखादं वचन जिथून तोडलं आहे ते सगळं पुस्तक उघडा. पेन्सिल जवळ ठेवा. शक्य तर दोघं मिळून, मोठ्यानं वाचा. एकट्यानं वाचलं की माणूस आपल्याला भिववणाऱ्या ओळीवरच थांबतो. आई तशीच थांबली होती, आणि पुढची पानं तिच्या मांडीवरच होती.