डावीकडचा सज्जा

चौकात सगळे तिला मनोरेवाली म्हणत. लग्न होऊन आली तेव्हापासून एकच काम. सासऱ्यांनी कोरलेल्या लाकडी साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, प्लॅस्टर ओतायचं, आणि घट्ट झालं की चौकातल्या मनोऱ्यासारखाच वीतभर मनोरा अलगद सोडवायचा. नवरा गेल्यावरही हात थांबला नाही. घरोघरी टीव्हीशेजारी तिचेच मनोरे. परगावी निघालेल्या पोराच्या पिशवीत आई एक कोंबायचीच. 'परत ये रे' म्हणायला जीभ जड होते, ते मनोऱ्यानं सोपं केलेलं. शाळेचा बिल्ला, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे तोच मनोरा, दाराच्या डाव्या अंगाला सज्जा काढलेला.

चौकातल्या खऱ्या मनोऱ्याची डागडुजी बरेच दिवस पडद्याआड चालली होती. पडदा उतरला आणि चौकातल्या माना वर झाल्या. सज्जा उजवीकडे.

"गवंड्यानं डोकं घरी ठेवलं होतं वाटतं," चहावाला म्हणाला.

गवंडी म्हणजे मनोरेवालीचा धाकटा भाऊ. सज्ज्याचे दगड उतरवून पुन्हा बसवले होते त्यानंच. मुकादमानं जुना फोटो आणला. त्यातही सज्जा उजवीकडेच.

"फोटो उलटा छापलाय," शिंपी म्हणाला. "घरी रोज बघतो मी मनोरा. आंधळा आहे काय?"

मुकादमही चाचरला. भावाला म्हणाला, "उलगडा होईस्तोवर वर चढू नकोस. चूक निघाली तर मात्र काम गेलं समज."

भाऊ बहिणीच्या उंबऱ्यात येऊन बसला.

"ताई, खरं सांग, सज्जा कुठं होता?"

"मला काय विचारतोस? दगड तू उतरवलेस."

"उतरवले तिथंच लावले की. पण अख्खा चौक म्हणतोय म्हटल्यावर... हातांवरचा भरवसाच उडाला बघ."

तिलाही सांगता येईना. जन्म गेला मनोरे करण्यात, पण खऱ्याकडे मान वर करून नीट कधी पाहिलं होतं? काही सुचेना म्हणून तिनं साचा पुसायला घेतला. आत बोट फिरलं आणि अडलं. साच्यात सज्जा उजवीकडे कोरलेला. नुकताच सोडवलेला मनोरा तिनं शेजारी धरला. त्याचा डावीकडे.

सासऱ्यांनी मनोऱ्यासमोर बसून दिसला तसा लाकडात खोदला होता. साच्यातून वस्तू आरशातल्यासारखी उलटी निघते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि पाटीवाल्यांनी तिचेच मनोरे बघून पाट्या रंगवल्या.

ती साचा काखेत मारून आणि तो मनोरा हातात घेऊन चौकात गेली. "चूक माझ्या सासरची आहे. माझ्या भावाची नाही."

शिंप्यानं साचा आणि मनोरा आलटून पालटून पाहिले. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं उलट्यालाच आपला म्हणत होतो?"

"हो."

"मग हा वरचा कुणाचा?"

तिनं साचा पुन्हा काखेत मारला. मुकादमानं मान डोलावली, कळल्यासारखी आणि न कळल्यासारखीही, आणि भावाला पुन्हा कामावर घेतलं.

मनोरेवालीनं नवा साचा कोरून घेतला. त्यातला पहिला मनोरा तिनं भावाच्या हातात ठेवला. त्यानं तो फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला.

"अरे, बरोबर हाच आहे."

"असेल ताई. पण घरी न्यायला जुनाच दे. हा बघितला की वाटतं, चुकलंच आपलं."