पाकट आणि पाय उचलून चालणारी माणसे

आमच्या घरात पाय घासत चालणे हा दुर्गुण मानला जाई. नागपूरच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर माझी चप्पल फरफटली की स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "पाय उचलून चाल वं. पाय घासनाऱ्या पोरीच्या घरी लक्ष्मी टिकत नाही." बाबांचे कारण अधिक व्यावहारिक होते. नरखेड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत ते मला पाय आपटत चालायला शिकवत. "पाय दाबून टाक. धमक बसली का जनावर बाजूले होते." जनावर म्हणजे साप, बागेत त्याचे नाव घेत नाहीत. पुढे प्राणिशास्त्र शिकताना मला या सूचनेमागचे शास्त्र समजले आणि बाबांविषयीचा आदर वाढला. सापाला जमिनीतली कंपने जाणवतात. पावलाच्या धमकेने तो दूर सरकतो. बागेपुरता नियम निर्दोष होता.

एम.एस्सी. झाल्यावर मला कोकण किनाऱ्यावरच्या एका सागरी संशोधन केंद्रात सहायक म्हणून जागा मिळाली. उथळ पाण्यातल्या माशांची पाहणी करायची, नमुने गोळा करायचे आणि त्यातूनच पुढे पीएच.डी.ची वाट काढायची, असा माझा आराखडा तयार होता. बाबांनी होकारही दिला नाही आणि नकारही. ते म्हणाले, "आधी समुद्र पाहून येऊ. कुठं राहनार, काय करनार, समदं पाहू. मग बोलू." म्हणून मृग बहराच्या संत्र्यांची तोड आटोपल्यावर आई, बाबा, दादा आणि मी कोकणात गेलो. बाकी तिघांसाठी ती सहल होती. माझ्यासाठी ती परीक्षा होती, आणि उत्तरपत्रिका तपासणारे बाबा होते.

ओहोटीची वेळ होती. पाणी कोमट, शांत, गुडघ्याच्याही खाली. तळाची वाळू ढवळल्याने गढूळ. पाकट हा चपटा मासा अशाच पाण्यात वाळूची पातळ चादर अंगावर ओढून पडून राहतो. त्याच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी, विषारी काटा असतो. तो स्वतःहून हल्ला करत नाही. पाठीवर पाय पडला, निसटायला वाट उरली नाही, तरच शेपटी फिरवतो. त्यामुळे उपाय सोपा आहे: पाऊल उचलायचे नाही. तळवा वाळूवरून घासत पुढे सरकवायचा, म्हणजे पाय बाजूने त्याला लागतो आणि तो पळून जातो. जमल्यास पुढे काठी टेकवत जावे.

हे सगळे मी पाण्यात उतरण्यापूर्वी सांगितले. स्वतः चालून दाखवले.

दादा हसायला लागला. "बाबा, हिच्या डिग्रीत चालाले शिकवते वाटते."

"घरी बी घासते, अन् इथं बी घासाले सांगते," आई म्हणाली. "एवढ्या दूर येऊन तेच."

बाबा नुसते हसले. त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि पाण्यात शिरले. गुडघा उंच, पाऊल सरळ, टाच दाबून. ओलिताच्या बागेत चिखलातून चालावे तसे. मी मागून म्हणाले, "बाबा, इथे साप नाहीत. पाय घासा." ते न वळता म्हणाले, "पन्नास वर्षं चालून राहिलो मी, बाई."

मी त्यांच्यापासून चार हातांवर, पाय घासत चालत होते. त्यांची किंकाळी आली तेव्हा माझ्या पायाजवळून एक काळी सावली वाळू उडवत खोल पाण्याकडे निघून गेली.

जखम घोट्याच्या आतल्या बाजूला होती. रक्त फार नव्हते, पण वेदनेने बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. दादाने त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून पिंढरीवर करकचून बांधला. मी गाठ सोडायला लागले.

"काहून सोडून राहिली वं? विष चढन ना!"

"हे सापाचं विष नाही, दादा. रक्त अडवून पायाचं नुकसान होईल. गरम पाणी हवं, सोसवेल तेवढं गरम. या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात."

"इथं आग होऊन राहिली," बाबा दातांतून म्हणाले, "अन् ही गरम पानी मांगते!"

चहाच्या टपरीवरून मी पातेले भरून आणले. थंड पाणी मिसळून स्वतःच्या पायावर ओतून पाहिले, भाजत नाही याची खात्री केली. बाबांनी पातेले ढकलले. पाणी वाळूत मुरले. तोवर दादा शहाळेवाल्याकडून बर्फ घेऊन आला होता आणि आई तो पदरात धरून जखमेवर लावत होती. गाठ पुन्हा बांधली गेली. सरकारी दवाखान्यापर्यंतच्या रिक्षात मी मागे, बाबांच्या पायाशी बसले होते. ते कण्हत होते आणि मला कोणी काही विचारत नव्हते.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, बहुधा माझ्याच वयाचे. त्यांनी जखम पाहिली, आधी दुपट्टा सोडला आणि नर्सला म्हणाले, "टबात गरम पाणी आणा." बाबांनी लगेच पाय टबात ठेवला. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. नंतर डॉक्टरांनी काट्याचा मोडलेला तुकडा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले.

"किती हुशार डॉक्टर आहे," आई माझ्या कानाशी म्हणाली. "एका नजरेत वळखलं."

जाताना डॉक्टरांनी विचारले, "पाण्यात पाय घासत चालायचं असतं. कोणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

मी टॉवेल घेऊन बाबांच्या शेजारीच उभी होते. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे.

"आम्हाले कोन सांगन, साहेब? आम्ही बिनसमुद्राचे लोकं."

विंचवाच्या नांगीबद्दल, सापाच्या दंशाबद्दल, पाकटाच्या काट्याबद्दल मी पुष्कळ वाचले आहे. या वाक्याचे काय करावे, हे मात्र मला अजून कुठे सापडलेले नाही.

परतीच्या प्रवासात विषय निघाला नाही. नागपूरला आल्यावर, पाय उशीवर ठेवून, बाबांनी निर्णय दिला. "एक दिवस गेलो तं हे झालं. तुले तिथं रोज पान्यात उतराचं आहे. नाही जमनार."

"मी त्याच पाण्यात होते, बाबा. त्याच वेळी. मला काही झालं नाही."

"आज नाही झालं."

प्रयोग इतका स्वच्छ क्वचित मिळतो: एकच पाणी, एकच वेळ, दोन चाली, दोन निष्कर्ष. त्यांनी मात्र निष्कर्ष उलटा वाचला. त्यांच्या पायावरची जखम माझ्या अपात्रतेचा पुरावा ठरली आणि माझा न दुखावलेला पाय कोणी मोजलाच नाही. मी महिनाभर वाद घातला. आईने जेवण सोडले. दादा म्हणाला, "बाबाच्या पायाकडं पाह्य जरा." रुजू होण्याची मुदत संपली आणि ती जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली.

आता मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत फळांच्या रसातली आम्लता तपासते. संध्याकाळी घरी येते, म्हणून बाबा खूश आहेत.

गेल्या रविवारी त्यांचे गांधीबागेतले कापडवाले मित्र आले होते. कुटुंबासह कोकणात निघाले होते. बाबा खुर्चीतून उठले आणि आमच्या त्या गुळगुळीत फरशीवर, चपला घालून, त्यांना चालून दाखवू लागले.

"पाय उचलाचाच नाही गा. असा घासत न्यायचा. मासा आपोआप बाजूले होते. अन् लागलंच तं गरम पानी. बर्फ लावाचा नाही."

चपलांचा फरफट आवाज घरभर झाला. स्वयंपाकघरातून कोणी काही बोलले नाही.

"तुले कोनं सांगितलं?" मित्राने विचारले.

"तिथल्या डॉक्टरनं. लय हुशार होता. ह्या पोरीले तिकडं पाठवून राहिलो होतो आम्ही. वाचलो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बाबा प्रत्येक पावलाला टाच उचलत होते. तेवढ्या उंचीखाली पाकट सहज मावतो. मित्राची नातवंडे दोन दिवसांनी त्या पाण्यात उतरणार होती.

"टाच उचलली जातेय," मी म्हणाले.

बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. टाच खाली टेकवली, पाऊल पुन्हा सरकवले आणि मित्राला म्हणाले, "अन् हे पाह्य. टाच बी उचलाची नाही."

मी चहा ठेवला आणि आत निघून गेले. पाय उचलून.