निंबोल्याला लावलेला पाच स्टार

"पाटील, हा स्टिकर गरम पाण्याने निघतो की थिनर लागतं?"

शेठनी हे विचारलं तेव्हा मी गोडाउनमध्ये नऊ जुन्या एसींच्या मध्ये उभा होतो. बुऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेतल्या शेठच्या दुकानात मी सर्व्हिस मेकॅनिक होतो. एकवीस वर्षांचा अनुभव. त्याचा असा उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं.

झालं होतं असं, की सरकारने एसीची परीक्षा अवघड केली होती. एसीवरचे स्टार म्हणजे मशीनचे मार्क. तेवढ्याच थंडाव्याला वीज जितकी कमी, तितके स्टार जास्त. दर काही वर्षांनी पास व्हायचे मार्क वाढवतात. मग कालचा पाच स्टार आज चार होतो आणि कालचा एक स्टार सरळ नापास. नापास मशीन कंपनीला बनवता येत नाही. दुकानात पडून असलेला माल जुन्या लेबलवर विकायला मात्र थोडी मुदत मिळते. आमचे नऊच्या नऊ एक स्टार. मुदत होती. गिऱ्हाईक नव्हतं.

शेठचा उपाय सोपा होता. मशीन सुधारत नाही तर लेबल सुधारावं. छापखान्यातून पाच स्टारची नवी लेबलं आलीही होती. खऱ्यापेक्षा देखणी.

"शेठ, हे बरोबर नाही."

"अरे, हवा थंडी देतो ना? कागजाने काय हवा गरम होते?"

मी किटली आणली. गरम पाण्यानेच निघतो, थिनर लागत नाही. घरी दोन मुली शिकतायत, असं मी स्वतःला सांगितलं. अशा वेळी मुली फार कामाला येतात.

एप्रिलात जवळच्या निंबोला गावाहून विमलताई दुकानात आल्या. घरची केळीची शेती. नवरा, गजानन, ट्रॉलीवरून मानेवर पडला होता. मानेखालचं शरीर गेलं. त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. अशा माणसाला मानेखाली घाम येत नाही. घाम नाही, तर बाहेर तापलं की तोही तापतो. डॉक्टर म्हणाले होते, खोली थंड ठेवा, नाहीतर पुन्हा ॲडमिट करायची तयारी ठेवा.

"भाऊ, आमच्याकडे दुपारची लाइट लई कमी येते. हा चालंन ना?" समोरच्या एसीकडे बोट दाखवून त्यांनी शेठना नाही, मला विचारलं.

शेठ म्हणाले, "पाच स्टार आहे, ताई. दौडेगा!"

मी म्हणालो, "चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो लावून आलो. खोली गार झाली. गजाननभाऊ पलंगावरून म्हणाले, "पाटीलभाऊ, दोन महिन्यांत पहिल्यांदा पांघरूण मागतोय मी." विमलताईंनी चहात साखर जरा जास्तच घातली होती. तो चहा मी अर्धाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मशीन टक करतं आणि बंद पडतं.

गेलो. मीटर लावलं. शेतातल्या मोटारी चालू होत्या, व्होल्टेज पार खाली. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम भरपूर करंट ओढतो. तो मिळाला नाही की नुसता घुमतो, तापतो आणि ट्रिप होतो. नव्या चांगल्या मशीनमधला हळूहळू वेग घेतो, म्हणून कमी लाइटीतही उठतो. स्टार म्हणजे नुसती बिलाची गोष्ट नसते, ती ही असते.

गजाननभाऊंचा चेहरा लालभडक झाला होता. अंगावर ओली चादर. ताप एकशे तीन. तशातही ते म्हणाले, "पाच स्टारवाला असाच असतो का? मंग दोनवालाच घ्यायला पाहिजे होता."

 मी पाना खाली ठेवला.

"ताई, हे मशीन एक स्टारचं आहे. पाचचं लेबल मी चिकटवलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, थोबाडीत बसणार. त्या म्हणाल्या, "भांडायला नंतर येईन मी. आधी यांचं अंग थंड करा."

गावातून बर्फ आणवला. पंख्यासमोर पातेलं ठेवलं, ओल्या चादरी बदलत राहायला सांगितलं. मग एक कागद मागितला, त्यावर चार ओळी लिहिल्या, सही केली, तो ताईंना दिला आणि बुऱ्हाणपूर गाठलं.

"शेठ, नवीन मशीन पाहिजे. आत्ता."

"सीझन आहे. आठ दिवस लागतील."

"हे आहे ना." मी वर बोट दाखवलं. शेठच्या केबिनमध्ये मागच्याच महिन्यात नवा, अस्सल पाच स्टार बसला होता. स्वतःसाठी घेताना शेठनी लेबल नीट वाचलं होतं.

"पागल झाला काय, पाटील?"

"ताईंना लिहून दिलंय. लेबल कुणी छापलं, कुणी चिकटवलं. सहीसकट."

"अरे, त्यात तुझं पण नाव येईल!"

"पहिलं माझंच आहे."

शेठनी कपाळ पुसलं. एसी चालू असताना. मग मला शिडी लावता यावी म्हणून खुर्ची बाजूला सरकवली. माणूस मनाने मोठा.

सूर्य मावळायच्या आत ते मशीन निंबोल्यात चालू झालं. व्होल्टेज तेवढंच होतं. ते कुरकुरलं नाही. दिवेलागणीपर्यंत गजाननभाऊंचा ताप शंभरावर आला. विमलताईंनी माझा कागद घडी घालून कपाटात ठेवला. "असू द्या," म्हणाल्या. त्या रात्री चहा मिळाला नाही आणि ते योग्यच होतं.

काढून आणलेला एक स्टार शेठच्या केबिनमध्ये लागला. उरलेले आठ कंपनीकडे परत गेले. सीझन संपल्यावर शेठ मला म्हणाले, "पाटील, आता थोडा आराम करा." तो आराम अजून चालू आहे. मी स्वतःची कामं घेतो. निंबोल्याची सर्व्हिसिंगही मीच करतो. ताई अजून मला भाऊ म्हणतात, पण मी काम करत असेपर्यंत तिथून हलत नाहीत.

लेबलवर स्टारच्या खाली, लेबल कोणत्या मुदतीचं आहे हे बारीक अक्षरात छापलेलं असतं; मुदत संपली की तेच पाच चार होतात. ते वाचा. दुकानदार म्हणेल, कशाला डोळ्यांना त्रास देता. तरी वाचा.