अकरावा पार्ट

"मॅडम, ये क्या है?"

कस्टम्सच्या इन्स्पेक्टर खालिदनी कार्टनच्या तळातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं. कागद सोडला तर आत अक्रोडाच्या लाकडाची मूठ. पिस्तुलाला असते तशी, बोटांसाठी खाचा पाडलेली, पॉलिश केलेली. माझ्या पॅकिंग लिस्टमध्ये तिचं नावनिशाण नव्हतं. त्यांनी दुसरं कार्टन उघडलं. त्यातही मूठ. तिसऱ्यात तेच.

मी शारजातल्या एका क्लिअरिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. म्हणजे माल देशाबाहेर जायच्या आधी त्याचे कागद करते. कागदावर असेल तेवढंच खोक्यात आणि खोक्यात असेल तेवढंच कागदावर, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

त्या दिवशीचा माल होता इक्बालभाईंचा. हमरिया फ्री झोनमध्ये त्यांचं छोटंसं वर्कशॉप आहे. मूळचे दाभोळचे, होड्या बांधणारं घर. इथे आले ते लाकडी बोटींच्या कामावर. ते काम आटत गेलं तसे रायफलचे दस्ते बनवायला लागले. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवतात तो मागचा भाग. अमेरिकेतला डग नावाचा एक माणूस त्यांच्याकडून दस्ते आणि नळीखाली हाताने धरायचं लाकूड, असा सेट घेणार होता. बंदुकीचं म्हटल्यावर लाकडाच्या तुकड्यालाही परवानगी लागते. ती मी दोन्ही वस्तूंची रीतसर काढली होती. कार्टन उघडायला लागलं ते वजनामुळे. मी लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन काही केल्या जुळेना.

आणि आता ही मूठ. परवानगीत नाही, इन्व्हॉइसमध्ये नाही, वर कागदात गुंडाळून तळाशी ठेवलेली. याला सरकारी भाषेत काय म्हणतात ते मला माहीत होतं. शस्त्राच्या पार्टची चोरटी निर्यात. इक्बालभाईंचं सगळं आयुष्य या देशात गेलेलं. केस झाली असती तर आधी जेल, मग डिपोर्ट, आणि वर्कशॉपला कुलूप.

बाहेर येऊन मी आमच्या लालवानी सरांना फोन लावला.

"नीलिमा, बोल दो हमको कुछ मालूम नहीं. क्लायंट का माल, क्लायंट जाने. खलास."

"सर, आधी त्यांना विचारू तर द्या."

"तुम्हारा साइन है उस पेपर पे. अपना सोचो."

स्वतःचा विचार मी करत होतेच. पण इक्बालभाईंना मी ओळखत होते. त्या माणसाने कधी एक खिळा लपवला नसता. मी त्यांना बोलावून घेतलं. अंगावर भुसा तसाच घेऊन ते धावत आले.

"इक्बालभाई, ही मूठ कुठून आली?"

"आवडली?" ते चक्क हसले. "एका सेटमागे एक. वर घातली."

"वर घातली म्हणजे?"

"अहो साटमबाई, पहिलंच गिऱ्हाईक अमेरिकेचं. मोजून दिलं नि हात झटकले, असं कसं? वर काहीतरी नको? त्याच्या रायफलचा फोटो बघितला, मूठ होती प्लॅस्टिकची. अशा लाकडाला प्लॅस्टिक? मला बघवेना. तळाला ठेवली, उघडल्यावर खूश होईल म्हणून. तुम्ही वजन घेऊन गेलात, त्यानंतर केल्या."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे कोकणात आंब्याच्या पेटीत वर दोन पडतात, कोळीण पिशवीत वर एक बांगडा टाकते. नाही टाकला तर आपणच तोंड वाकडं करतो. हा माणूस बंदुकीच्या सामानात तेच करून बसला होता!

खालिद साहेबांना बऱ्यापैकी हिंदी येतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हदिया?" ते म्हणाले. हदिया म्हणजे भेट. "सब लोग यही बोलता है, मॅडम. गिफ्ट है तो पेपर में क्यूँ नहीं?"

इक्बालभाईंचं हसू तोवर मावळलं होतं. ते एकदा माझ्याकडे, एकदा त्या मुठींकडे बघत होते.

आणि मला डगची मोजणी आठवली. ऑर्डर देताना त्याने माझं डोकं खाल्लं होतं. अमेरिकेत असा कायदा आहे की काही प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली, म्हणजे दर वेळी घोडा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशा, बाहेरून आणलेल्या पार्टनी जोडायच्या असतील तर सरकारने पार्टची यादी ठरवलीय. त्या यादीतले जास्तीत जास्त दहा पार्ट परदेशी चालतात. अकरावा चालत नाही. नळी, घोडा, दस्ता, मूठ, सगळं यादीत. डगचे आठ पार्ट युरोपातून येणार होते. आमचा दस्ता नववा, पुढचं लाकूड दहावं. मूठ त्याने मुद्दाम तिथलीच घेतली होती, प्लॅस्टिकची.

"साहेब, ज्याला पाठवायचं त्यालाच विचारा," मी म्हटलं. "चोरून पाठवलेली वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगाची तरी हवी ना?"

त्यांनी थोडा विचार केला. "यल्ला, चलो, फोन लगाओ. स्पीकर पे. और जो मैं बोलूँ वही पूछना."

तिकडे नुकतं उजाडलं होतं. डगचा आवाज झोपाळलेला. खालिद साहेबांनी सांगितला तेवढाच प्रश्न मी विचारला: प्रत्येक सेटबरोबर लाकडी मूठ पाठवली तर हवी आहे का?

डग ताडकन जागा झाला. "नो! नो, नो! दॅट मेक्स इलेव्हन!" मग पाच मिनिटं तो थांबेना. ती मूठ चुकून जरी रायफलला बसवली तर माझी रायफल बेकायदा. माझा धंदा जाईल, मी तुरुंगात जाईन. कोण पाठवतंय? का पाठवतंय? कुणी सांगितलं?

फोन बंद झाला. इक्बालभाईंना इंग्रजी सगळं कळत नसलं तरी जेल हा शब्द कळला होता.

"म्हणजे माझ्या मुठीने त्याला आत टाकलं असतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

ते खुर्चीत बसले आणि चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मला इतकं वाईट वाटलं! स्वतःवर केस होईल म्हणून हा माणूस रडला नव्हता. गिऱ्हाइकाचं वाईट झालं असतं म्हणून रडत होता.

खालिद साहेबांनी चहा मागवला. इक्बालभाईंचा कप स्वतः त्यांच्यापुढे सरकवला. मग वरिष्ठांशी फोनवर अरबीत बरंच बोलले. शेवटी माझ्याकडे वळले.

"केस नहीं करेंगे. लेकिन यह बाहर नहीं जाएगा, अंदर भी नहीं रहेगा. मेरे सामने तोड़ना पड़ेगा. और वॉर्निंग लेटर."

तोडायला त्यांचा माणूस मशीन आणणार होता. इक्बालभाई उठले.

"साहब, मैं काटेगा. मेरा करवत."

आणि त्यांनी कापल्या. वर्कशॉपमधून आणलेल्या शिकंज्यात एकेक मूठ धरून, बरोब्बर मधोमध. कापतानासुद्धा काम वेडंवाकडं होऊ दिलं नाही. खालिद साहेब शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. खुर्ची आणली तरी बसले नाहीत. मुठी काढल्यावर वजन जुळलं आणि बाकीचा माल गेला.

घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मा, ही जस्ट वॉन्टेड टू बी नाइस." तेच तर ना! कस्टम्सच्या कुठल्याच रकान्यात ते बसत नाही.

डगची दुसरी ऑर्डर आली. यावेळी खालिद साहेबांनी स्वतःहून कार्टन उघडलं. तळापर्यंत हात घातला. दस्ते, पुढची लाकडं, बाकी काही नाही.

"आज कुछ नहीं?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं, साहब," इक्बालभाई म्हणाले. खाली बघून, चोरी केल्यासारखे.

बाहेर पार्किंगमध्ये त्यांनी मला हाक मारली. पिशवीतून एक लाटणं काढलं. अक्रोडाचं, उरलेल्या लाकडाचं.

"इक्बालभाई! काय सांगितलं होतं मी? वर काही नाही!"

"मालावर नाही घातलं, बाई. माल मोजून दिला. हे तुम्हाला." मग जरा थांबून, अगदी काळजीने म्हणाले, "तुमच्याकडे आधी किती आहेत? म्हणजे मोजून घ्या हो. उगाच अकरावं व्हायचं."

आता कुठलाही कोकणातला क्लायंट आला की वजन घेण्याआधी मी एक प्रश्न जास्तीचा विचारते: वर काय घातलंत?